माइकवरून दिलेला बैल

डिंगोरे, ता. जुन्नर
१२ जानेवारी २०२५, रविवार

दादा,

तीर्थरूप, साष्टांग वगैरे लिहीत नाही. पहिल्याच ओळीत एवढा वाकलो तर तू म्हणशील, गोरख्याचं डोकं पुन्हा फिरलं. फिरलेलं नाही. गोळ्या चालू आहेत, एकही दिवस गोळी चुकवलेली नाही. झोप सात तास. आपल्या वैजूताईच्या रोपवाटिकेत सकाळपासून टोमॅटोचे ट्रे भरतो आणि संध्याकाळी सोमाजी दाजींबरोबर बातम्या बघतो. याहून सरळ माणूस अख्ख्या तालुक्यात शोधून दाखव.

फोन करत नाही, कारण तू उचलत नाहीस. आणि दुसरं असं, की फोनवर मी फार बोलतो. कागदावर बरं पडतं, हात दुखला की माणूस थांबतो.

आता जे लिहितोय ते तुला माहीत आहेच, पण माझ्या तोंडून तू कधी ऐकलेलं नाहीस. बैलगाडा शर्यतींवरची बंदी उठली त्यानंतरची आपल्या पिंपळवंडीची पहिली यात्रा. सात वर्षं गाडे पळायचा घाट बंद होता आणि सात वर्षं माझं तोंडही बंद होतं. मग पंधरा दिवसांत मी नऊ गावांच्या घाटांवर माइकवरून शर्यती बोललो. माइक हातात आला की सोडवत नव्हता. झोपेची गरजच वाटेना. मला वाटायचं, गाडे बैलांच्या जिवावर नव्हे, माझ्या आवाजावर पळतात. हसू नकोस, खरंच वाटायचं.

आपल्या घाटावर शेवटच्या दिवशी, फायनलच्या आधी, मी माइकवरून ओरडलो, "ऐका मंडळी! आज जो घाटाचा राजा व्हईल त्याला पिंपळवंडीच्या गोरखकडून, आमच्या दारचा चिमण्या बैल बक्षीस! आमचा शब्द म्हंजी शब्द!"

चिमण्या माझा नव्हता. तो जन्मला आणि तिसऱ्या दिवशी त्याची आई मेली होती आणि तू त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतंस. एवढासा होता म्हणून चिमण्या नाव ठेवलंस आणि पुढं तो हत्तीएवढा झाला तरी तेच राहिलं. तू तेव्हा घाटाच्या पायथ्याला त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा होतास. वरून मला दिसत होतास.

लोक म्हणाले, "येडं झालंय पोरगं, मनाव घिऊ नका." लोणीच्या गेणभाऊंचा गाडा पहिला आला. ते तर हातच जोडत होते, "दादाभाऊ, मला न्हाई पायजे तुमचा बैल. नारळ द्या, लई झालं." आणि तू काय म्हणालास? "देवाच्या घाटावरनं आमच्या घरातला शब्द गेलाय, गेणभाऊ. न्या." कासरा सोडून त्यांच्या हातात दिलास. आपल्याकडं घाटाच्या माइकवर बोललेलं आणि देवापुढं बोललेलं यात फरक धरत नाहीत, हे मला कळतं. तिसऱ्या दिवशी मला चौघांनी जीपमध्ये घालून पुण्याच्या दवाखान्यात नेलं. तेव्हापासून तू माझ्याशी एक शब्द बोललेला नाहीस.

चूक माझी. लाख वेळा माझी. पण तीन वर्षं घशात अडकलेलं एक बोलून टाकतो. माझा येडा शब्द शहाण्यासारखा पाळायला तुला कुणी सांगितलं होतं? घेणारा नको म्हणत होता, गाव नको म्हणत होतं. बैल गेला तो निम्मा माझ्या तोंडानं आणि निम्मा तुझ्या ताठ्यानं. राग आला असेल तर चांगलं आहे. राग आला की तू निदान उत्तर देतोस.

आता पत्राचं कारण. माझ्या डॉक्टर, प्रांजल मॅडम, यांच्या इस्पितळात एक संशोधन चाललंय. माझ्या आजाराला बायपोलर म्हणतात, हे वहिनींनी तुला सांगितलं असेल. त्यातल्या वेगवेगळ्या प्रकारच्या माणसांच्या मेंदूत बक्षिसाच्या वेळी काय होतं ते मशीनमधून बघणार आहेत. मी नाव दिलंय. बक्षिसापायी घर फोडलेला माणूस त्यांना दुसरा कुठं मिळणार? पुढच्या शुक्रवारी नाही, त्याच्या पुढच्या शुक्रवारी जायचंय. कसं झालं ते कळवतो. विचारलं नाहीस तरी कळवतो.

गोरख


डिंगोरे
२ फेब्रुवारी २०२५

दादा,

उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं. पण पोस्टातल्या सोनीबाई म्हणाल्या की पत्र मंगलवहिनींच्या हातात पोचलं, म्हणजे चुलीत गेलेलं नसावं.

मशीनमध्ये जाऊन आलो. अंगावर धातूचं काही चालत नाही, म्हणून करगोट्यातला चांदीचा ताईत काढून घेतला. मग एका नळकांड्यात सरकवलं आणि जो काही आवाज सुरू झाला! मळणीयंत्रात डोकं घालून निजल्यासारखं. त्यात वर हलायचं नाही. मला, गोरखला, पाऊण तास न बोलता न हलता पडायला सांगणारी जगातली ती पहिली बाई.

आत डोळ्यांपुढं एक पडदा असतो आणि हातात बटण. पडद्यावर गोल आला तर समजायचं, आता पॉइंट मिळू शकतात. चौकोन आला तर काही मिळणार नाही. मग काही सेकंद नुसती वाट बघायची. मग पांढरा ठिपका चमकतो, पटकन बटण दाबायचं. वेळेत दाबलं तर पॉइंट, नाहीतर भोपळा. बस, एवढाच खेळ. मॅडमनी आधी समजावलं होतं, "मेंदूत खोल, मधोमध एक जागा असते. काहीतरी चांगलं मिळणार अशी चाहूल लागली की ती जागी होते. वाट बघताना किती जागी होते आणि प्रत्यक्ष मिळाल्यावर किती, हे आम्ही वेगवेगळं मोजतो."

दादा, गोल आला की ते जे सेकंद जायचे ना, ते माझ्या फार ओळखीचे होते. गाडा जुंपलाय, गाड्यापुढं पळायची घोडी उभी आहे, निशाणवाल्याचा हात वर आहे आणि अजून सुटलेलं नाही. मी तेवढ्यासाठीच घाटावर जायचो. गाडा पळून गेल्यावर मला कधी फार गंमत वाटली नाही. तू मात्र गाडा थांबल्यावर बैलांच्या अंगावरून हात फिरवताना खूश असायचास.

बाहेर आल्यावर विचारलं, "मॅडम, आमचं काय दिसलं?" त्या म्हणाल्या, "तुमच्या एकट्याच्या चित्रावरून काहीच सांगता येत नाही. ही कुंडली नाही. शंभर-दीडशे माणसांची चित्रं शेजारीशेजारी ठेवायची, तेव्हा कुठं काही दिसलं तर दिसतं. आमच्या आधी ज्यांनी बघितलं त्यांची उत्तरंसुद्धा एकमेकांशी जुळत नाहीत." मला आवडलं. आपल्याकडं माहीत नाही म्हणणारा माणूस मिळतो कुठं?

पण खरी गोष्ट पुढंच आहे. बाहेर बाकावर आंबेगावकडच्या एका शाळेतल्या बाई होत्या. साधना त्यांचं नाव. त्याही मशीनसाठीच आल्या होत्या. मी आपला जीपची, दवाखान्याची कथा रंगवून सांगितली. त्या ऐकून म्हणाल्या, "गोरखभाऊ, तुम्हाला निदान उचलून तरी नेलं. मी दुसऱ्या प्रकारातली. मला कुणी आजारी म्हणायलाच तयार नव्हतं. आठवडाभर मी झपाटल्यासारखी राबायची, स्नेहसंमेलन एकटीनं उभं करायची, तेव्हा सगळे म्हणायचे, बाई कशी तडफेची. मग चार-चार महिने अंथरुणात, तेव्हा म्हणायचे, हिची नाटकं. बारा वर्षं गेली त्यात."

मग मॅडमना विचारलं, हा दुसरा प्रकार काय आहे. त्यांनी सांगितलं ते माझ्या शब्दांत सांगतो. पहिल्या प्रकारात, म्हणजे माझ्यात, चढ असा येतो की गावाला दिसतो आणि माणूस स्वतःच्या हातात राहत नाही. दुसऱ्या प्रकारात चढ बेताचा असतो, माणूस उलट हुशार आणि उमदा दिसतो. उतार मात्र खोल असतो आणि लांबतो. म्हणून तो प्रकार हलका समजायचा नाही. लोक उताराला आळस म्हणतात आणि चढाला गुण म्हणतात, त्यामुळे आजार कुणाच्या ध्यानातच येत नाही.

येताना एसटीत नारायणगावपर्यंत मी एकच गोष्ट डोक्यात घोळवत होतो. ज्या वर्षी तू आठ दिवसांत एकट्यानं पाइपलाइनचा चर खणलास आणि गडी घेऊन आलेल्या दाजींना हसून परत पाठवलंस, त्याच वर्षी दिवाळीनंतर दोन महिने तू गोठ्यातल्या खाटेवरून उठला नाहीस. आई म्हणाली होती, "नजर लागली माज्या दादाभाऊला." आणि यात्रेचा आठवडा आठव. मीच फक्त जागा होतो का? तू मांडव घातलास, सगळ्या बैलांची शिंगं रंगवलीस, चाळीस पाव्हणे न सांगता जेवायला आणलेस आणि पीठ संपलं म्हणून वहिनी रडवेल्या झाल्या तर त्यांच्यापुढं नाचून दाखवलंस. तू, जो स्वतःच्या वरातीत नाचला नाहीस! गेणभाऊंच्या हातात कासरा दिलास तेव्हा तुझे डोळे मी पाहिलेत. मी रोज आरशात बघत होतो तसेच होते.

मला जीपमध्ये घातलं आणि तुला फेटा बांधला. एवढाच फरक.

मॅडमना तुझं नाव न घेता हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "न बघितलेल्या माणसाला मी आजाराचं नाव चिकटवत नाही. त्यांना घेऊन या." मी म्हटलं, "तो माझ्याशी बोलत नाही." तर म्हणाल्या, "मग तुम्ही त्यांच्याशी बोला." म्हणून बोलतोय.

मी तुला येडा ठरवायला निघालोय असं वाचू नकोस. येडा म्हटल्यावर कसं वाटतं हे आपल्या घरात माझ्याइतकं कुणाला माहीत आहे?

गोरख


डिंगोरे
१९ फेब्रुवारी २०२५

दादा,

आज रोपवाटिका बंद. अख्खं जुन्नर शिवनेरीवर लोटलंय आणि रस्ते भरलेत, म्हणून हे पत्र दाजींबरोबर आडवाटेनं पाठवतोय. पोस्टाची वाट बघायची नाही.

सकाळी वहिनींचा फोन आला होता. त्यांच्यावर चिडू नकोस, तीन वर्षांत त्यांनी पहिल्यांदा मला फोन केला. आधी नुसत्याच रडल्या. मग म्हणाल्या, "भावजी, ह्यांनी वीस दिस झालं दाढी केली न्हाई. दोन घास खात्यात, तेबी मी समोर बसले तर. कांदा काढायला आलाय तर म्हणत्यात, राहू दे. परवा मला म्हणलं, माज्यावाचून तुमचं काय आडतंय. मी फवारणीची समदी औषधं उचलली आन शेजारच्या साळुबाईंच्या घरी कुलपात ठिवून आले."

शहाणी आहे माझी वहिनी. आपल्या दोघांपेक्षा शहाणी.

दादा, आता तिरकं बोलत नाही. तुला काय कमी आहे, असं लोक म्हणत असतील. विहिरीला पाणी आहे, डोक्यावर कर्ज नाही, प्रकाशसारखं पोरगं शिकतंय. माझ्याकडंही तेव्हा काय कमी होतं? यात कमी-जास्ती असण्याचा संबंधच नसतो. तू आळशी झालेला नाहीस आणि भित्राही नाहीस. तू आजारी आहेस असं मला वाटतं, आणि या आजारावर इलाज असतो, हे मी स्वतःच्या अंगावरून सांगतोय.

आणि एक कबुली. पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं. एकही दिवस गोळी चुकवली नाही म्हणालो, ते खरं नाही. गेल्या दिवाळीच्या आधी दीड महिना मी गोळ्या बंद केल्या होत्या. वाटलं, या गोळ्यांनी माझा आवाज बसवलाय, घाटावर बोलायची उबळच येत नाही, हे कसलं जगणं. पुढं काय झालं? वैजूताईनं मला पहाटे रोपवाटिकेत रिकाम्या ट्रेंपुढं भाषण करताना पकडलं. तिनं आरडाओरडा केला नाही. चहा दिला आणि पहिल्या एसटीनं मॅडमकडं घेऊन गेली. मॅडमनी गोळीचं प्रमाण बदललं आणि आता आवाज आहे, उबळ नाही. हे तुला सांगायची लाज वाटली म्हणून लपवलं. तूही असंच काही लपवत असशील. मरायचे विचार येत असतील तर ते वहिनींना सांग. सांगितल्यानं ते वाढत नाहीत, मी सांगून बघितलंय.

मी आत्ता उठून येऊ शकतो. पण तू मला बघून दार लावलंस, तर आहे ते दारही बंद होईल, ही भीती वाटते. म्हणून वहिनींना सांगितलंय, तुला एकटं सोडायचं नाही, आणि जास्त वाटलं तर मला न विचारता गाडी करून थेट दवाखाना गाठायचा.

दोन दिवसांत मी एक करून बघणार आहे. काय ते सांगत नाही.

गोरख


डिंगोरे
२७ फेब्रुवारी २०२५

दादा,

मी काय केलं ते तू पाहिलंस. तरी माझ्या बाजूनं सांगतो.

एकवीस तारखेला लोणीला गेलो. गेणभाऊंनी मला ओळखलं आणि पहिल्यांदा माझे हात बघितले, माइक आहे का म्हणून! मग बसवून चहा दिला. चिमण्या त्यांच्या दारात लिंबाखाली होता. म्हातारा झालाय, पण पोट खपाटीला नाही, अंगावर तेज आहे. त्यांनी त्याला दोन वर्षं पळवलं आणि मग जू काढून टाकलं. मी तुझं सगळं सांगितलं. गेणभाऊ म्हणाले, "आवो, मी त्या दिशीच न्हाई म्हणत व्हतो. तुमी दोगं भाव लई ताठ, राव. परत द्यायला निगालो तर तुमचं दादाभाऊ म्हणलं आस्तं, दिलेला शब्द माघारी आणतोस व्हय? म्हणून गप बसलो. चला, म्या सवता सोडतो."

येताना मी मनात सगळं रचून टाकलं होतं. चिमण्या दारात उभा, तू धावत बाहेर, गळ्यात गळा, तुझं दुखणं पळालं आणि मी गाडीतून खाली उतरतो. दोन रात्री नुसती वाट बघण्यात बरा गेलो. माझी ती मधोमधची जागा किती पेटली असेल, मॅडमनी तेव्हा बघायला हवी होती.

तेवीस तारखेला दुपारी पिकअप आपल्या अंगणात आली. मी पुढच्या सीटवर खाली वाकून बसलो होतो. तू म्हणशील बोलवल्याशिवाय आलो, म्हणून उतरलो नाही. पण काचेतून सगळं दिसत होतं. वहिनींनी हाक मारली. तू ओट्यावर आलास. दाढी पांढरी झालीये रे तुझी. चिमण्यानं तुला लगेच ओळखलं, मान लांब केली, तुझा हात चाटला. तू त्याच्या पाठीवर हात ठेवलास, थोडा वेळ तसाच उभा राहिलास. मग म्हणालास, "त्याला पाणी दावा." आणि आत जाऊन निजलास.

मी गाडीत बसून रडलो, दादा. गेणभाऊंनी माझ्या पाठीवर हात मारला. तीन वर्षं मी धरून चाललो होतो की तुझ्या दुःखाचं नाव चिमण्या आहे. तो परत मिळाला की तू परत मिळशील. मॅडमनी मला एकदा सांगितलं होतं की उतारात माणसापुढं आवडीची वस्तू आणून ठेवली तरी आनंद होईलच असं नसतं, आणि तो त्या माणसाचा नाठाळपणा नसतो. मी ऐकलं होतं. समजलं मात्र त्या पिकअपमध्ये.

आणि आज वहिनींचा फोन. काल संध्याकाळी तू स्वतः होऊन त्यांच्याशी बोललास म्हणे. त्यांनी मला तुझे शब्द जसेच्या तसे सांगितले, "मंगल, चिमण्या दारात आला आन मला काईच झालं न्हाई. आनंद नाय, वाईट बी नाय. लाकडाव हात ठिवल्यासारखं. मला तेचं भ्या वाटाया लागलंय." आणि थोड्या वेळानं, "गोरख्याला इच्यार, त्या पुण्याच्या बाई कोणत्या वारी बसत्यात."

म्हणजे तू पत्रं वाचलीस. सगळी वाचलीस. लबाडा!

सोमवारी बसतात. सकाळी साडेनऊपासून. मी त्यांना फोन करून सांगून ठेवलंय, त्या म्हणाल्या, "मध्ये काही जास्त वाटलं तर सोमवारची वाट बघू नका, तसेच या." सोमवारी सकाळी सहाला दाजींची गाडी घेऊन येतो. तू मागं बस, मी पुढं बसेन. बोलायचं नसेल तर बोलू नकोस. येताना सकाळचं खाऊन ये, जुनी कुठली औषधं घेत असशील तर पाकिटं पिशवीत टाक, आणि त्या बाईंनी विचारलं तर खरं सांग. पाहुण्यांपुढं सांगतो तसं "समदं बरंय" सांगू नकोस. आपल्या घरात सगळेच बरे असतात, उचलून न्यायची वेळ येईपर्यंत.

चिमण्याला ठेवून घ्यायचं का परत पाठवायचं ते नंतर बघू. गेणभाऊ म्हणाले, घाई नाही.

गोरख


पुणे, दवाखाना
३ मार्च २०२५, सोमवार, सकाळी साडेअकरा

दादा,

हे पत्र पोस्टात पडणार नाही. तू आत आहेस, मी बाहेर बाकावर आहे, मध्ये एक दार. ते नीट लागत नाही, त्याची कडी ढिली आहे. माझ्या जुन्या केस-पेपरच्या मागच्या बाजूला लिहितोय. हात चालू ठेवला नाही तर तोंड चालू होईल आणि इथं पाटी लावलीये, शांतता राखा.

पिंपळवंडी ते पुणे तू एक शब्द बोलला नाहीस. चाकणच्या गर्दीत दीड तास अडकलो तेव्हाही नाही. मी गाडीत गाणी लावली, तू बंद केलीस. तेवढंच आपलं बोलणं. पण तू आलास. अंघोळ करून आलास, धुतलेला सदरा घालून आलास. वहिनी गाडीत म्हणाल्या की दाढी तुझी तूच केलीस, हनुवटीला कापलं तरी थांबला नाहीस. आता त्या खाली औषधाच्या दुकानाशेजारी चहा घ्यायला गेल्यात. मीच पाठवलं. महिनाभर त्यांनी एकटीनं तुला धरून ठेवलंय, त्यांना पाच मिनिटं कुणी तरी नुसतं बसू द्यायला हवं.

मी काय धरून बसलोय सांगू? तू आज बाहेर येऊन हसशील असं मी धरलेलं नाही. मला गोळ्या लागू पडायला बरेच आठवडे गेले होते, त्यात दोनदा बदलाव्या लागल्या. तुझा प्रकार दुसरा निघेल, नाहीतर तिसरंच काही निघेल, मॅडम ठरवतील. रक्त तपासतील, पुन्हा बोलावतील. तू वैतागशील. दोन महिन्यांनी म्हणशील, या गोळ्यांनी तोंडाची चव गेली. तेव्हा मी तुझ्याशी भांडेन, आणि तू माझ्याशी भांडशील, आणि भांडण म्हणजे बोलणंच असतं. एवढं मिळालं तरी मला पुष्कळ झालं.

आतून मॅडमचा आवाज येतोय. कधीपासून असं वाटतंय, विचारतायत. तू काही बोलत नाहीस. आता म्हणतायत, "घाई नाही, दादाभाऊ. सावकाश सांगा." मला उठून आत यावंसं वाटतंय, पण मी बाकाची कड धरून बसलोय. बोलवल्याशिवाय जायचं नाही, असं ठरवलंय.

आता त्यांनी विचारलं, "बरोबर कोण आलंय?"

भिंतीवरच्या घड्याळाकडं बघवेना.

मग तुझा आवाज आला. घोगरा, महिनाभर नीट न वापरलेला. "धाकटा भाव हाय माजा. भाईर बसलाय." आणि मग, "त्याला आत बोलवा. मला न्हाई सांगता येत. त्यो सांगल माज्या वतीनं."

मॅडम दारात आल्यात. उठतो.